मे महिन्यातली शेकोटी

बीड जिल्ह्यात भर मे महिन्यात शेकोटी पेटवणारी माणसं मी उभ्या जन्मात तेवढीच बघितली, आन् त्यांच्याच सैपाकघरात माझी उमेदीची वर्षं गेली. माणसं लई भली व्हती, तेवढं आधीच सांगते, न्हाईतर पुढं वाचताना कुणाला वाटंल बाई खाल्ल्या मिठाला जागली न्हाई. पीटर सायब आन् हेलनबाई. ऑस्ट्रेलियातून आलते, तरण्या पोरापोरींना येशूची वाट दावायला. घाटनांदूरच्या पुढं माळावर त्यांच्या संस्थेनं जागा घेतलती, तिथं एक लांब पत्र्याचं शेड, एक हिर, एक लिंबाचं झाड, आन् कडंला दोन खोल्या सायबाच्या. आमची खोली सैपाकघराला लागून. आमची म्हणजे माझी, माझ्या मालकाची, याकूबची, आन् आमच्या शम्याची. शम्याचं नाव शमुवेल, पण ते बाप्तिस्म्याच्या दिवशी एकदाच घेतलं.

याकूब तिथं भरणाऱ्या पोरापोरींच्या क्यांपाचा मास्तर. सायब इंग्रजीत बोलायचा, ह्यो मराठीत करायचा. सायबाला राग आला की ह्यो पण रागात करायचा, सायब हसला की ह्यो हसून करायचा, आन् रातच्याला घरी आला की निस्ता गप, जसं काय दिवसभर आपलं स्वतःचं बोलणं कुठं ठिवलंय ते त्याला घावतच न्हाई. मी चवथी पास. माझं वय तवा अठरा-एकोणीस, म्हणजे क्यांपात बसणाऱ्या पोरींएवढीच मी. पण कडेवर लेकरू आलं की माणूस क्यांपातलं राहत न्हाई, सैपाकघरातलं व्हतं. पोरी पुढं बसून टाळ्या वाजवून गाणी म्हणायच्या, मी माघं बसून तीच गाणी म्हणत कणीक मळायचे. अजून माझ्या भाकरीचा थापा त्याच ठेक्यात पडतो. परवा सून म्हणली, आत्याबाई, तुमी भाकरी थापायला लागल्या की जणू चर्च सुरू झालं.

मी भ्यायचे. कशाला भ्यायचे ते इचारू नका, कशाला भीत नव्हते ते इचारा. सायबाच्या निळ्या डोळ्यांना भ्यायचे, गॅसच्या शेगडीला भ्यायचे म्हून ती तशीच कागदात बांधून ठिवलती आन् मी चुलीवरच रांधायचे, बाईनं शम्याला कडेवरून घ्यायला हात केला की पदर त्याच्यावर वढून माघं सरायचे. लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलता, त्यावर सकाळच्या पारी दानिएल लोखंडानं ठाणठाण करायचा, रोज तेच, तरी रोज मी दचकायचे आन् शम्या रडायचा. दानिएल पाटोद्याचा, कॉलेजात दोनदा नापास, तोंडात कायम गुटखा. दर क्यांपाला यायचा. म्हणायचा, "वैनी, निम्मी पोरं जेवाय येत्यात, निम्मी पोरी बघाय येत्यात."

"आन् तू?"

"मी दोन्हीला. पण देवाच्या घरात कुणी हाकलत न्हाई, ह्ये लई ब्येस हाय."

सकाळी लापशी असायची. सायबाच्या देशातून डब्यातून यायची, भुश्यावाणी दिसायची. डबे सरले की मी ज्वारीच्या कण्या दुधात शिजवून द्यायचे, सायब चमचा चाटून म्हणायचा, ही आमच्या देशाच्यापेक्षा ताजी आली. दुपारी वरण, भाकरी आन् मिरचीचा ठेचा. हेलनबाई ठेच्याला चाकूचं टोक लावून तेवढंच जिभेला लावायच्या आन् डोळ्याला पाणी आणून म्हणायच्या, "छान. लई छान." बाईंचं मराठी माझ्याच चुलीपाशी झालेलं, त्यामुळं त्या मराठी बोलल्या की बीडची पोरं खाली माना घालून हसायची. काळी बिनदुधाची कॉफी बाईंचा जीव की प्राण. दिसातून चारदा. उन्हाचा फुफाटा, वर पत्रा तापलेला, आन् बाई कॉफी पीत्यात.

सायबाच्या खोलीत भिंतीवर दोन लेकरांचा फोटू व्हता. पोरगा आन् पोरगी, दोघांचे केस कणसाच्या शेंडीवाणी. बाईंचीच ती. कुठंतरी लांब डोंगरात बोर्डिंगात ठिवलती. क्यांप चालवणाऱ्या सगळ्याच गोऱ्या लोकांची लेकरं तिथंच, ह्यो त्यांचा रिवाजच. ऐतवारी प्रार्थना झाली की बाई मला संगं घेऊन घाटनांदूरला एसटीडीच्या बूथवर जायच्या. तवा जिकडं तिकडं पिवळ्या पाट्यांचे बूथ निघालते. बाई काचंच्या खोक्यात शिरायच्या, मी भाईर शम्याला घेऊन उभी. काचंतून सगळं दिसायचं. बाई फोनवर हसायच्या, डोकं हलवायच्या, हवेत पापा घ्यायच्या. फोन ठिवला की तशाच उभ्या राहायच्या, पाठ माझ्याकडं करून. माघं लोक थांबलेले, बूथवाला म्हणायचा, "ओ म्याडम, झालं असंल तर या की भाईर." मग बाई यायच्या, आन् वाटंनं शम्याकडं बघायच्या न्हाईत. जाताना बघायच्या, येताना न्हाई.

दुसऱ्यांच्या लेकरांचं कल्याण करायला आपली लेकरं लांब ठिवायची, ह्ये मला काय उमगायचं न्हाई. पण शिकलेली माणसं, गोरी माणसं, त्यांना कळत असंल, असं म्हणून मी गप राहायचे. माझ्यावर आलं तवा मात्र गप राहणं जड गेलं.

त्या मे महिन्याच्या क्यांपाआधी सायबानं याकूबला बोलावलं. फिजी नावाचा एक देश हाय, समुद्रातला, तिथं आपल्याच वळणाची माणसं हायत, हिंदी बोलत्यात, तिथं तरण्या पोरांचे क्यांप चालवायला एक जोडपं पायजे. याकूब आन् मार्था. मार्था म्हणजे मी. याकूब घरी आला ते जमिनीला पाय न लावता. तवा सगळ्यांनाच फॉरेनचं याड लागलतं, मन्मथआप्पाच्या किराणा दुकानात सुदिक फॉरेनच्या नावाचा साबण आलता. मन्मथआप्पा, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, क्यांपाला डाळ-मीठ देणारे, त्यांनी इचारलं, "याकूबा, ही फिजी कुठशी आली?"

"लई लांब, आप्पा. इमानानं जायचं."

"मुंबईच्या पुढं?"

"मुंबईच्या पुढं समुद्रच हाय, आप्पा."

"तेच म्हणतो. जपून. आन् येताना एक टेप आण."

याकूबनं टाय आणला आंबाजोगाईवरून. आरशापुढं गाठ मारून बघायचा, मला म्हणायचा, "मार्था, सायबाला वाटलंच कसं बघ! आपला आजा गावात काय काम करायचा आन् आपण इमानात बसायलो." त्याचं ते तोंड बघून मला वाईट वाटायचं, कारण त्याला खुशी व्हायला कधी कारणच मिळालं नव्हतं. मी पण खुशीत असल्यावाणी करायचे. मग एक दिवस हेलनबाई चुलीपाशी येऊन पाटावर बसल्या आन् हळूच म्हणल्या, "मार्था, पहिले दोन वर्ष बेबी न्हाई नेता येत. संस्थेचा नियम. बेबी पुण्याकडं लेकरांच्या घरात. फार छान घर. झोपाळा हाय."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर तशीच जळाली. शम्या तवा मांडीवर पीत व्हता. दात नुकतेच आलते, चावायचा. मी बाईंकडं बघितलं, बाईंनी चुलीकडं बघितलं. "पहिलं खूप वाईट वाटतं," बाई म्हणल्या, "मग सवय होती." त्यांच्या तोंडावरून दिसत व्हतं, सवय झाली न्हाई.

रातभर मी याकूबला म्हणत व्हते, आवं, लेकराचं कसं, आवं, अंगावर पितंय अजून. तो म्हणायचा, "सायबानं त्याची ठिवली न्हाईत का? तू सायबापेक्षा शानी का?" मी काय शानी नव्हते. आन् न्हाई म्हणायची पण भीती, कारण न्हाई म्हणलं तर खोली जाईल, काम जाईल, आन् देवाला न्हाई म्हणल्यावाणी व्हईल ते येगळंच. मी माझ्या मायला निरोप धाडला.

माझी माय ऊसतोडीची. दसरा झाला की बैलगाडीत बिऱ्हाड घालून कारखान्यावर, उन्हाळ्यात परत. मी फडातच वाढले, चवथीच्या पुढं शाळा झाली न्हाई ती त्याच्यामुळंच. माय आली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, सगळं ऐकून घेतलं, आन् सायबाच्या खोलीकडं तोंड करून मोठ्यानंच म्हणली, "आमी कोयत्यावर गेलो तर कोंबड्या सुदिक संगं नेल्या, गं. गाडीखाली डालगं बांधून नेल्या. तू दोन महिन्याची व्हतीस, उसाच्या वाढ्याच्या सावलीला झोळीत टाकून मी मोळ्या बांधल्या. आन् ह्यांच्या इमानात एका लेकराला जागा न्हाई?"

"माय, हळू बोल."

"कावून हळू? त्यांना कुठं कळतंय?"

हेलनबाई दारात उभ्या व्हत्या. त्यांना कळत व्हतं. चुलीपाशी शिकलेलं सगळं कळत व्हतं. त्या तशाच माघारी फिरल्या.

आता शेकोटीचं सांगते. क्यांपाच्या शेवटच्या दिवशी दिवेलागणीला मैदानात मोठा जाळ करायचा, भवतीनं सगळ्यांनी बसायचं, आन् एकेकानं हातात काडी घेऊन उठायचं, देवासाठी आपण काय सोडतो ते सांगायचं, आन् काडी जाळात टाकायची. जळाली की सुटली. त्यांच्या देशात थंडीत करीत असत्याल, गोड लागत असंल. आपल्याकडं दिवसभर तापलेला माळ, खालची माती भाकरीवाणी गरम, आन् त्यावर ह्यो जाळ. जळण कुठलं? माझंच. पावसाळ्यासाठी मी शेडामागं पऱ्हाट्या, तुराट्या, गवऱ्या रचून ठिवलत्या, बाभळीची चार लाकडं झाकून ठिवलती. सायबाच्या डोळ्याला तो नुसता ढीग दिसला. पोरांनी उचलून नेला. मी मोजकं जळण घालून माणसं जेवू घालायचे, आन् माझा आख्खा पावसाळा त्यांनी एका प्रार्थनेला पेटवला. कोण काय बोलणार? देवाचं काम.

पोरं घामानं निथळत व्हती. पहिल्यांदा हेलनबाई उठायच्या, दरसाल. काडी धरून म्हणायच्या, मी माझी लेकरं देवाच्या हवाली करते. त्या दिवशी पण म्हणल्या, पण काडी टाकायला येळ लागला, जाळ हाताला लागंस्तवर धरली. मग पोरं सुरू झाली. कुणी शिनेमा सोडला, कुणी शिव्या सोडल्या, बीडची एक पोरगी म्हणली मी राग सोडते, आन् माघची हसली म्हून लगेच तिच्यावर वसकली. दानिएल उठला, गाल फुगलेला. "मी गुटखा सोडतो," म्हणला, आन् आधी बाजूला जाऊन थुकून आला. सायबाच्या डोळ्यात पाणी. मग याकूब उठला, टाय घालून, त्या उकाड्यात, गळ्याशी घामाचा पाट. "मी माझं गाव सोडतो," म्हणला, मराठीत, आन् मग त्येच इंग्रजीत. लई टाळ्या झाल्या. आन् मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

माझ्या हातात काडी कुणी दिली ठाऊक न्हाई. शम्या खांद्यावर झोपलेला, त्याची लाळ माझ्या मानेवरून खाली चाललेली. मी उठले. काय म्हणायचं ते याकूबनं घोकून घेतलतं माझ्याकडून, दोन दिवस, मी माझं लेकरू देवाच्या हवाली करते, एवढंच, सोपं. तोंड उघडलं. समोर जाळाच्या पल्याड हेलनबाई, तोंड लालभडक, माझ्याकडं न बघता शम्याकडं बघत्यात. आन् माझी नजर गेली खाली, जाळाकडं. बाभळीचं चांगलं जाड लाकूड, निम्मं भाईर, निम्मं आत, उगंच जळायलं, ना वर भांडं, ना तवा.

आता ह्ये कुणाला सांगितलं तर पटत न्हाई, पण त्या टायमाला मी काय ठरवून केलं न्हाई. भाकरी झाल्या की जळण माघं ओढायचं, मातीत इझवायचं, उंद्याला ठिवायचं, ह्ये हाताला लहानपणापासून लागलेलं. मी खाली बसले, हातातली काडी कमरंला खोचली, आन् ते लाकूड धरून जाळातून भाईर ओढलं. जमिनीवर दोनदा आपटलं, ठिणग्या उडाल्या, माती टाकली. मग दुसरं ओढलं. गिटार वाजवणाऱ्या पोराचा हात थांबला.

"अगं ए, काय करायलीस?" याकूब दात-ओठ खाऊन म्हणला. "काडी टाक!"

"न्हाई टाकायची," मी म्हणले. आवाज माझाच, पण केवढा मोठा. "लेकरू न्हाई टाकायची मी. जळण पण न्हाई द्यायची. उंद्या चुलीत काय घालू, तुमचा टाय?"

सायबानं याकूबकडं बघितलं, काय म्हणली म्हून. याकूबनं टायची गाठ सैल केली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला इंग्रजी करता येईना. हेलनबाईच सायबाला दोन शब्द बोलल्या. काय ते मला आजपातूर कळलं न्हाई, पण सायब खाली बसला.

तेवढ्यात गावाकडून गलका आला. आमच्या पल्याडच्या वावरात मन्मथआप्पाच्या कडब्याची गंज, आन् गावानं लांबून बघितलं ते एवढंच, की माळावर आग लागली. कुणी घागर घेऊन, कुणी बादली घेऊन, पुढं मन्मथआप्पा धोतर सावरत, त्यांच्या माघं माझी माय, ती गावातच थांबलती. "हाणा बे, हाणा पाणी!" आप्पा वरडले, आन् कुणाला काय कळायच्या आत आमच्या हिरीचंच पाणी त्या शेकोटीवर पडलं. फस्स करून नुसती राख उडाली, सायबाचं तोंड काळं, याकूबच्या टायवर चिखल. आप्पा दम खात म्हणले, "होळी होऊन किती दिस झाले, याकूबा? आन् उन्हाळ्यात कुणी शेकतं का?"

मग पोरांत वाद लागला. दानिएलनं राखंतून आपली काडी हुडकून काढली, वल्ली, अर्धीमुर्धी. "माझी जळालीच न्हाई," म्हणला, "म्हंजी सुटलीच न्हाई." आन् खिशातून पुडी काढली. सगळीच मग आपापल्या काड्या हुडकायला लागली.

याकूब माझ्याशी आठवडाभर बोलला न्हाई. बोलला तवा म्हणला, माकडाच्या हाती कोलीत. फिजीला दुसरं जोडपं गेलं, नगरकडचं. सायबानं आम्हाला काढलं न्हाई, खोली पण राहिली. मला वाटलतं वीज पडंल, काहीतरी व्हईल, देव काय तरी करंल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, वडून ठिवलेली ती बाभळीची लाकडं चुलीत घातली, आन् त्यावर सायबाची लापशी शिजवली. सायबानं खाल्ली. म्हणला, छान झाली.

याकूब अजून म्हणतो. आता दात न्हाईत, तरी पाऊस लागला की म्हणतो, "फिजीत असतो आज." मी म्हणते, भिजलाच असता तिथं बी. शम्या आंबाजोगाईला ट्रक चालवतो, त्याला ही गोष्ट सांगितली तर म्हणला, "माय, तू मला पुण्याला ठिवलं असतंस तर मी इंग्रजी बोललो असतो की." लेकरांचं असं असतं. त्यांच्यासाठी जाळात हात घाला, ती म्हणणार, हात कावून घातला.

हेलनबाई लेकरांना आणायला गेल्या, असं मी लिहिलं तर गोष्ट चांगली व्हईल. त्या न्हाई गेल्या. लेकरं बोर्डिंगातच राहिली. ऐतवारी आमी बूथवर जातच राहिलो. पण त्या म्हैन्यापासून बाई बूथमधून भाईर आल्या की शम्याला माझ्याकडून मागून घ्यायच्या आन् घरापातूर कडेवर आणायच्या, आन् मी द्यायचे. भ्यायचे न्हाई.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा शेकोटी झाली, आता लहान, आन् आप्पाला आधी सांगून. जळण विकत आणलं, मी माझ्या ढिगापाशी उभी व्हते. पहिल्यांदा बाई उठल्या. काडी धरली. सायब मान खाली घालून, डोळे मिटून, लेकरांच्या नावाची वाट बघत व्हता. बाई म्हणल्या, "मी कॉफी सोडते." आन् टाकली काडी. सायबानं डोळे उघडले. कुणीच टाळ्या वाजवल्या न्हाईत, दानिएल सोडून.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी भांडी घासत व्हते. बाई सैपाकघरात आल्या, दार लोटून घेतलं, पाटावर बसल्या. माझ्याकडं बघंनात, चुलीकडं बघायल्या.

"मार्था. थोडी कॉफी."

"आवं बाई, तुमी तर सोडली की. सगळ्यांपुढं."

बाईंनी शम्याला मांडीवर घेतलं, त्याच्या नाकाखालचं आपल्या झग्यानं पुसलं, आन् अगदी माझ्या मायच्या सुरात म्हणल्या, "काडी वल्ली व्हती, गं."

मी आधण ठिवलं.